कुपीतला लाल स्फटिक

२०२१च्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिसची साथ आली आणि अँफोटेरिसीनच्या इंजेक्शनसाठी लोकांनी जिल्हे पालथे घातले. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर बहुतेक वेळा ‘लायपोसोमल’ असं बजावून लिहिलेलं असे. साधं अँफोटेरिसीन मूत्रपिंडांना फार जाचतं आणि लायपोसोमल त्या मानानं सौम्य, एवढं त्या धावपळीत सगळ्यांना कळलं. पण तेच औषध एका रूपात जाचतं आणि दुसऱ्या रूपात सोसवतं ते का, हे विचारायची सवड तेव्हा कुणालाच नव्हती. ते समजून घ्यायचं, तर त्याच कुळातल्या दुसऱ्या एका औषधाकडे जावं. त्याचं नाव डॉक्सिल. कर्करोगावरच्या या औषधाला अमेरिकेच्या एफडीएनं नोव्हेंबर १९९५मध्ये मान्यता दिली, आणि तिथं मान्य झालेलं पहिलं नॅनो-औषध म्हणून त्याचा उल्लेख होतो. माझ्या लेखी या कुळात त्याच्याइतकी देखणी रचना दुसरी नाही. गंमत अशी, की त्यातलं औषध, डॉक्सोरुबिसिन, मुळीच नवं नाही. नवी आहे ती त्याला वागवण्याची रीत.

साध्या डॉक्सोरुबिसिनची बाटली आणि डॉक्सिलची बाटली शेजारी शेजारी उजेडात धरली, तर पहिला फरक डोळ्यांनाच कळतो. दोन्ही लाल, पण पहिल्यातला लाल आरपार, दुसऱ्यातला किंचित धुकट. नुसते रेणू प्रकाश डोळ्यांना जाणवण्याइतका विखुरत नाहीत, ते त्यासाठी फार लहान असतात. दुसऱ्या बाटलीत तेच रेणू हजारोंच्या संख्येनं एकेका कुपीत कोंडलेले आहेत, आणि या कुप्या प्रकाशाला जरासं वळवण्याइतक्या मोठ्या आहेत. त्यांचा व्यास शंभर नॅनोमीटरच्या आतबाहेर. रक्तातल्या एका तांबड्या पेशीच्या व्यासावर अशा सत्तर-ऐंशी कुप्या ओळीनं बसतील. एवढी सूक्ष्म कारागिरी नुसत्या डोळ्यांना दिसू नये. पण ती दिसते, लालाला चढलेल्या त्या पुसट सायीतून.

आत कोंडलेला ऐवज मोठा जहाल आहे. इटलीतल्या फार्मितालिया कंपनीच्या संशोधकांनी १९६०च्या दशकात मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस जंतूंपासून तो मिळवला आणि एड्रियाटिक समुद्रावरून त्याला एड्रियामायसिन असं व्यापारी नाव दिलं. तो पेशीच्या डीएनएच्या पायऱ्यांमध्ये घुसून बसतो आणि पेशीला दुभंगू देत नाही. स्तनाचा कर्करोग, रक्ताचे कर्करोग, हाडांचे कर्करोग अशी त्याची कामगिरी लांबलचक. इंग्रजी बोलणाऱ्या रुग्णांनी त्याला ‘लाल सैतान’ म्हणावं, इतकी त्याची दहशतही. केस जातात, तोंड येतं. ते भरून निघतं. हृदयाचं मात्र भरून निघत नाही. शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे सुमारे ४५० ते ५५० मिलिग्रॅम ही आयुष्यभराची मर्यादा. पाच वर्षांपूर्वी घेतलेला डोसही या हिशेबात धरावा लागतो, कारण हृदयाचे स्नायू ते विसरत नाहीत. म्हणजे गुणी औषध हाताशी आहे, गाठीवर ते चालतंही आहे, आणि तरी डॉक्टरांना थांबावं लागतं. डॉक्सिलची सगळी रचना या एका पेचाभोवती उभी आहे.

कुपीचा शोध औषधासाठी लागलेला नाही. केंब्रिजजवळच्या बाब्राहम इथं ॲलेक बँगहॅम आणि रॉबर्ट हॉर्न १९६१मध्ये नवा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक पारखत होते. फॉस्फोलिपिड, म्हणजे पेशींच्या आवरणात असतात ते स्निग्ध रेणू, पाण्यात गेले की आपण होऊन दुपदरी पडदा धरतात आणि पडदा मिटून त्याची पोकळ कुपी, म्हणजे लायपोसोम, होते, हे त्यांना दिसलं. या रेणूचं डोकं पाण्याला धार्जिणं आणि दोन शेपट्या पाण्याला विन्मुख. म्हणून शेपट्या आत, डोकी बाहेर. कुणी काही जोडायचं नाही, शिवायचं नाही. या पोकळीत औषध भरावं असं पुढच्या दशकात अनेकांच्या मनात आलं. जेरुसलेमच्या येहेझ्केल बारेनहोल्झ आणि आल्बेर्तो गॅबिझॉन यांनी पहिला प्रयत्न केला तेव्हा डॉक्सोरुबिसिन कुपीच्या भिंतीत बसवलं होतं. रक्तात पडताच ते भिंतीतून निसटू लागलं. उरलेल्या कुप्या यकृतानं उचलल्या. अँफोटेरिसीनला भिंतीतली जागा मानवते, डॉक्सोरुबिसिनला मानवत नाही. ज्यानं त्यानं आपापली जागा ओळखावी लागते, रेणूनंही.

दुसऱ्या खेपेला त्यांनी भिंत बदलली, आणि रसिकानं इथं जरा रेंगाळायला हवं. भिंतीचा मुख्य रेणू सोयाबीनमधून येतो. पण सोयाबीनमधलं फॉस्फोलिपिड जसंच्या तसं घेतलं तर त्याच्या शेपट्या जागोजागी वाकलेल्या असतात. वाकड्या शेपट्या एकमेकींना चिकटून बसत नाहीत आणि भिंत पातळ, वाहती राहते. म्हणून त्यावर हायड्रोजनची प्रक्रिया करतात. तेलाचं वनस्पती तूप करताना करतात तीच. शेपट्या सरळ होतात, एकमेकींना लगटून बसतात, आणि वाहत्या तेलाचं थिजलं तूप व्हावं तशी भिंत कडक होते. ही भिंत वितळते ती ५२-५३ अंश सेल्सिअसच्या सुमारास. माणसाचं अंग ३७ अंशांवर. सणकून ताप भरला तरी पन्नाशी दूरच. म्हणजे रक्तात ही कुपी घन अवस्थेत फिरते. आपल्या स्वयंपाकघरात बदनाम झालेली प्रक्रिया इथं जीव राखायच्या कामी आली आहे. तीच गत कोलेस्टेरॉलची. भिंतीतल्या दर पाच रेणूंपैकी जवळजवळ दोन कोलेस्टेरॉलचे आहेत. ते शेपट्यांमधल्या फटी बुजवतात आणि रक्तातल्या प्रथिनांना भिंतीतले रेणू ओढून काढू देत नाहीत. ज्या दोन पदार्थांपासून हृदयरोगतज्ज्ञ आपल्याला लांब राहायला सांगतात, त्यांच्याच भिंतीआड हृदयाला घातक औषध ठेवावं आणि हृदय वाचवावं, या योगायोगाला मी मनापासून दाद देतो.

पण एवढी घट्ट भिंत बांधली, तर औषध आत जाणार कसं? कुपी तयार होतानाच ते पाण्यात विरघळवून ठेवावं, हा सरधोपट उपाय. त्यात जेवढं पाणी कुपीत कोंडलं जातं तेवढंच औषध आत जातं, बाकीचं बाहेर वाया. त्यांनी उलटं केलं. कुप्या आधी रिकाम्याच केल्या. अगदी रिकाम्या नव्हेत, आत अमोनियम सल्फेटचं पाणी भरलेलं. हे तेच अमोनियम सल्फेट, खताच्या दुकानात गोणीनं मिळतं ते. मग बाहेरचं सगळं अमोनियम सल्फेट धुऊन काढलं. आता आत मीठ गच्च आणि बाहेर जवळजवळ शून्य.

यानंतर जे घडतं ते सावकाश पाहावं. आतल्या अमोनियमपैकी थोड्याचा अमोनिया होतो. अमोनियावर विद्युतभार नसतो, म्हणून तो भिंतीतून सहज बाहेर पडतो. जाताना मात्र आपला प्रोटॉन आतच ठेवून जातो. असे प्रोटॉन साचत गेले की आतलं पाणी आम्ल होतं. सल्फेटवर दुहेरी भार, त्याला भिंत ओलांडता येत नाही. ते आतच बसून राहतं. अशा कुप्या भिंत सैलावण्याइतक्या गरम करून त्यांच्यात डॉक्सोरुबिसिन मिसळतात. डॉक्सोरुबिसिन सौम्य अल्कली आहे. भार नसलेल्या रूपात ते भिंतीतून आत शिरतं, आत पाऊल टाकताच तिथला प्रोटॉन त्याला चिकटतो, ते भारित होतं, आणि भारित रूपात त्याला भिंत ओलांडता येत नाही. ओढ्यात लावलेल्या बांबूच्या सापळ्यात मासा शिरतो आणि त्याला परतीची वाट सापडत नाही, तसं हे वाटतं. पण सापळ्याच्या तोंडाला उलट्या काड्या असतात. इथं भिंतीला कसलंही तोंड नाही, झडप नाही. वाट तीच राहते आणि आत गेलेला रेणूच बदलतो. नव्वद टक्क्यांहून अधिक औषध या रीतीनं आपण होऊन आत जाऊन बसतं, ना पंप, ना सुई. एका खताच्या मिठाकडून एवढं काम करून घेणं याला मी अभिजात कारागिरी म्हणतो.

आणि ही किमया इथं संपत नाही. आत साचलेलं डॉक्सोरुबिसिन आणि थांबलेलं सल्फेट यांची गाठ पडते, दोघं मिळून घट्ट होऊ लागतात, आणि कुपीच्या पोटात तंतूंची जुडी असलेला एक स्फटिक धरतो. अतिशीत करून घेतलेल्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक चित्रांत तो स्पष्ट दिसतो: गोल कुपीत आडवी काडी, आणि काडीच्या ताणानं लांबट झालेली कुपी. पाहणाऱ्यांना तिच्यात कॉफीची बी दिसली. एका कुपीत औषधाचे दहा ते पंधरा हजार रेणू असतात. एवढे रेणू विरघळलेले राहिले असते तर त्यांच्या ओढीनं बाहेरचं पाणी आत घुसून कुपी फुगली असती. स्फटिकातल्या रेणूंची अशी ओढ नसते. भरगच्च भरूनही कुपी शांत. एका घटनेनं औषध कोंडलं, टिकवलं आणि कुपीला फुटण्यापासून वाचवलं. तीन कामं, आणि तिन्हींसाठी वेगळं काही घातलेलं नाही. अशी जागा गवसली की मी पान उलटायचं थांबतो.

आता कुपी भरली; तिला रक्तात सोडायची. तिथं यकृत आणि प्लीहा इथल्या भक्षक पेशी परक्याला हुडकून गिळायला बसलेल्या असतात. आधी प्रथिनं परक्यावर चिकटून त्याला खूण करतात, मग पेशी त्याला उचलतात. म्हणून कुपीच्या अंगावर पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या, अर्थात पेगच्या, लवचीक साखळ्या लावल्या आहेत. पेग तसं साधंसुधं, मलमांत आणि पोट साफ करायच्या औषधांत सर्रास वापरलं जाणारं. या साखळ्या पाणी धरून ठेवतात आणि सतत हलत राहतात. प्रथिनांना टेकायला जागाच मिळत नाही. भिंतीतल्या रेणूंपैकी फार तर पाच टक्क्यांना ही झूल आहे. फरक किती पडावा? साधं डॉक्सोरुबिसिन काही मिनिटांत रक्तातून ऊतींमध्ये पसरतं. डॉक्सिलचा रक्तातला अर्धायुकाळ पन्नास तासांच्या आसपास.

व्यासाचा आकडाही उगाच निवडलेला नाही. मूत्रपिंडाची गाळणी फार बारीक, तिच्यातून ही कुपी जात नाही. लघवीवाटे वाया जाणं टळलं. हृदयाच्या स्नायूंतल्या केशवाहिन्यांची भिंत सलग असते. मोकळा रेणू तिथून पाझरतो, कुपी पाझरू शकत नाही. गाठीतल्या रक्तवाहिन्या मात्र घाईघाईनं वाढलेल्या, ओबडधोबड, जागोजागी उसवलेल्या. त्या फटींतून कुपी बाहेर पडते, आणि गाठीत लसीकेचा निचरा नीट नसल्यानं तिथंच राहते. जपानमधल्या कुमामोतोच्या मात्सुमुरा आणि माएदा यांनी १९८६मध्ये गाठीचा हा स्वभाव मांडला. पन्नास तास फिरत राहायचं महत्त्व आता कळतं. कुपी गाठीला हुडकत नाही, तिला नाक नाही, डोळे नाहीत. ती नुसती फिरत राहते, आणि जिथं गळती आहे तिथं थोडी थोडी साचते. लक्ष्यवेधी क्षेपणास्त्राची उपमा वृत्तपत्रं नॅनो-औषधांना हटकून देतात. निदान डॉक्सिलच्या बाबतीत ती साफ चुकीची आहे, आणि तिच्यामुळे या रचनेचा खरा गुण झाकला जातो. तो गुण म्हणजे धीर.

भक्तिभावानं लिहायचा मोह आवरायचा, तर उणंही पाहायला हवं. २००४मध्ये एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली: स्तनाचा कर्करोग शरीरात पसरलेल्या ५०९ स्त्रिया, निम्म्यांना साधं डॉक्सोरुबिसिन, निम्म्यांना डॉक्सिल. आजार काबूत राहिला तो साध्या औषधानं ७.८ महिने, डॉक्सिलनं ६.९. संख्याशास्त्राच्या दृष्टीनं दोन्ही सारखेच. म्हणजे एवढी कारागिरी करून गाठ काही जास्त मरत नाही. हृदयाला इजा होण्याचा धोका मात्र साध्या औषधाच्या गटात तिपटीहून अधिक होता. या निकालावर नाक मुरडणारे बरेच भेटतात. मला तर तोच या रचनेचा सर्वांत प्रामाणिक निकाल वाटतो. तिनं औषधाचा कडवेपणा वाढवायचा हट्ट धरला नाही. तो हृदयापासून दूर ठेवला.

फिरत राहण्याची किंमत पडते ती कातडीवर. जिथं दाब आणि घर्षण जास्त, त्या तळहात-तळपायांतल्या बारीक वाहिन्यांतूनही कुप्या झिरपतात. तळवे लाल होतात, आग होते, कधी कातडी सोलवटते. म्हणून सैल चपला घाला, गरम पाण्यात हात घालू नका, अशा सूचना नर्स देतात. पहिलं सलाईन मिनिटाला एक मिलिग्रॅम इतक्या धीम्या गतीनं लावतात, कारण काही रुग्णांना सुरुवातीलाच छातीत दडपल्यासारखं होतं, चेहरा लालबुंद होतो. आणि ‘सलाईन’ ही आपली बोलायची सवय. प्रत्यक्षात हे औषध मिठाच्या पाण्यात मिसळायचंच नाही, पाच टक्के डेक्स्ट्रोजमध्ये मिसळायचं. गाठीत किती पोचतं, हाही प्रश्न आहे. टोरँटोमधल्या वॉरन चॅन यांच्या गटानं २०१६मध्ये नाना तऱ्हेच्या नॅनोकणांवरचे दहा वर्षांतले प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र तपासले. टोचलेल्या मात्रेपैकी गाठीत पोचलेल्या भागाचा मध्यक निघाला ०.७ टक्के. सगळ्या क्षेत्रानं खाली मान घालावी असा हा आकडा.

आता राहिला तो मला फार दिवस छळणारा प्रश्न. भिंत इतकी घट्ट, स्फटिक इतका स्थिर, तर गाठीत पोचल्यावर औषध बाहेर येतं कसं? घट्टपणा हाच गुण असलेल्या वस्तूला सुटणं कोण शिकवतं? सुरुवातीच्या शोधनिबंधांत याचं उत्तर मोघम असे: भक्षक पेशी कुपी फोडत असतील, एन्झाइमं भिंत कुरतडत असतील. २०१५मध्ये बारेनहोल्झ आणि त्यांच्या सहकारी लिसा सिल्व्हरमन यांनी प्रयोगशाळेत डॉक्सिलवर अमोनिया सोडून पाहिला. गाठीतल्या पेशी ग्लुटामिन हे अमिनो आम्ल अधाशासारखं खातात आणि त्यातून अमोनिया बाहेर टाकतात, म्हणून ही कल्पना. अमोनियाच्या संगतीत औषध चटकन सुटू लागलं. कारण उलगडून पाहावं. अमोनिया भिंतीतून आत शिरतो, आतला प्रोटॉन उचलतो, आम्लता उतरते, डॉक्सोरुबिसिन पुन्हा भारहीन होतं आणि आलं त्याच वाटेनं बाहेर पडतं. भरताना जो अमोनिया बाहेर जाऊन दार लावतो, तोच गाठीच्या उष्ट्यातून परत येऊन दार उघडतो. माणसाच्या शरीरात नेमकं असंच घडतं हे या प्रयोगानं सिद्ध झालेलं नाही, तरी बारेनहोल्झ यांना तो दुवा पटला आहे. मला तो खरा ठरावासा वाटतो, हा माझा पक्षपात. रचनाकारानं एका कामासाठी योजलेली गोष्ट वीस वर्षांनी दुसऱ्या कामी आलेली आढळावी, असं भाग्य फार थोड्या कृतींना लाभतं.

२०११मध्ये ओहायोतल्या एका कारखान्यातलं उत्पादन थांबलं आणि अमेरिकेत डॉक्सिल मिळेनासं झालं. तेव्हा फेब्रुवारी २०१२मध्ये एफडीएनं मुंबईत मुख्यालय असलेल्या सन फार्माचं लिपोडॉक्स तात्पुरतं आयात करू दिलं, आणि वर्षभरानं याच कंपनीच्या जेनेरिकला रीतसर मान्यता दिली. गोळीची नक्कल करणं सोपं: रेणू तोच, मात्रा तीच, झालं. इथं रेणू सारखा असून भागत नाही. नकलेत काय काय जुळायला हवं याचं एफडीएचं टिपण वाचलं, तर सरकारी भाषेत लिहिलेलं इतकं बारकाईचं रसग्रहण दुसरं मिळणार नाही, असं मी म्हणेन. भिंतीतले लिपिड कोणते, पदर किती, वितळबिंदू कुठं, आतल्या सल्फेटची तीव्रता किती, औषध स्फटिकरूपात आहे का, पेगची झूल किती जाड, पृष्ठभागावर भार किती, आकारांची वाटणी कशी. जे आपण इतका वेळ एकेक करून पाहिलं, ते सगळं तिथं मोजायला सांगितलं आहे. शेवटी गळतीची परीक्षा. ३७ अंशांवर मानवी रक्तद्रवात चोवीस तास ठेवून पाहायचं, निरनिराळ्या आम्लतेला पाहायचं, ध्वनिलहरींचा मारा करून पाहायचं, आणि मग तापमान चढवत न्यायचं: ४३, ४७, ५२, ५७ अंश. ५२ला भिंत वितळायच्या बेताला येते, ५७ला वितळून गेलेली असते. त्या प्रत्येक पायरीवर मूळ कुपी जेवढी गळते तेवढीच नकलेची कुपी गळायला हवी. कमी गळली तरी नापास.